मनकर्णाची गाडी

२५ ऑक्टोबर
छबूबाईची ज्ञानेश्वरी दवाखान्यात! छबूबाई आज भांड्यांना आली नाही, तेव्हा कळलं. नात रात्रभर उलट्या करत होती — नऊ वर्षांची पोर! वस्तीत सगळ्यांच्या तोंडी एकच: मनकर्णाच्या भजीच्या गाडीवरचं पार्सल.

२६ ऑक्टोबर
बघून आले. केवढासा झालाय तो हात! सलाईनची सुई त्याहून मोठी वाटते. छबूबाईला विचारलं, काय खाल्लं गं हिनं? "पोरं खात्यात कायबी, ताई." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

येताना गाडीपाशी थांबले. पाण्याचा ड्रम उघडा. भजी वर्तमानपत्रात, चटणी पातळ पिशवीत. आमच्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर दर सोमवारी नखं तपासायच्या, आणि सुटल्यावर आम्ही फाटकाबाहेरची भेळ खायचो. तो भेळवाला स्वच्छ होता — की त्या वयात सगळंच स्वच्छ दिसतं?

२७ ऑक्टोबर
नगरपालिकेत गाडीविरुद्ध तक्रारीचा अर्ज दिला. कुणीतरी द्यायलाच हवा होता.

३० ऑक्टोबर
गाडी उचलून नेली. टेम्पोत चढवताना कढई रस्त्यावर गडगडत गेली. मनकर्णा ओरडत होती — "आवो, माझी सोताची पोरं हेच खात्यात! आधी तपासा, मग न्या!" कुणीतरी म्हणालं, "जा आता ऊस तोडायला!" लोक हसले. मग तिला मी दिसले. "ताई, तुमी तरी सांगा ह्यांला!" अर्ज कुणाचा, तिला ठाऊक नाही. मी मान खाली घालून निघून आले.
योग्यच केलं. ताट तसंच झाकून ठेवलं.

३ नोव्हेंबर
ज्ञानेश्वरी घरी आली. देवाची कृपा!
मनकर्णा मात्र गेली — पाथर्डीकडच्या टोळीबरोबर, पोरांना घेऊन, ऊसतोडीला. "त्यांच्या साळंसाठीच कोयता सोडून हितं आल्ती," छबूबाई भांडी घासता घासता म्हणाली. बराच वेळ एकच पातेलं घासत होती. मनकर्णाला फोन लावला, बंद आहे. कोणत्या कारखान्यावर गेली, कुणालाच माहीत नाही.

५ नोव्हेंबर
ज्ञानेश्वरी आजीबरोबर आली होती. डाळिंब सोलून दिलं. म्हटलं, आता गाडीवरचं खायचं नाही हं.
"म्या कुठं खाल्लं? तुमी दिलेली भाऊबीजेची बासुंदी खाल्ली. आंबट हुती. आजी म्हनली, ताईंनी मायेनं दिलीय, टाकू नको."
"गप गं!" — छबूबाई.
वास मलाही आला होता. वाटलं, यांना पचतं.