मॅग्नेशिअमचं पोतं

नांदेड, ४ ऑक्टोबर २००१

ती. सिद्धराममामांस वर्षाराणीचा शि. सा. न.

पत्र कंडक्टर कलीमभाईंच्या हाती देत आहे. आई अजून अतिदक्षता विभागातच आहे, तोंडात नळी. जुलाब थांबले, पण छातीचे ठोके मध्येच चुकतात. डॉक्टर म्हणाले, अंगातलं मॅग्नेशिअम फार उतरलंय. ते भरल्याशिवाय पोटॅशिअम कितीही दिलं तरी टिकणार नाही, आणि हृदय कधीही दगा देईल. लातूरच्या क्लासात मी एवढंच शिकले की मॅग्नेशिअम झगझगीत जळतं. ते माणसात असतं हे इथं कळलं. मला भीती वाटते, मामा.

आशीर्वाद असू द्यावा.
वर्षाराणी

चाकूर, ५ ऑक्टोबर

चि. वर्षाराणीस मामाचे पोटभर आशीर्वाद.

मॅग्नेशिअमचं मला विचार. कापसाच्या पऱ्हाटीचं पान लाल पडलं की आम्ही तेच देतो, पान हिरवं होतं. घरात एक पोतं होतं, ते कलीमभाईच्या बसवर टाकलंय. डॉक्टरला दे. पाण्यात विरघळवून द्यायचं, आणि ऊन उतरल्यावर. आक्का भूकंपात पडक्या घरात परत शिरून शेळी सोडवून आलेली बाई, ती अशी जायची नाही. तरी डॉक्टरला घाई करायला सांग.

आक्काच्या उशाशी माझं नाव घे.
सिद्धराम

नांदेड, ९ ऑक्टोबर

ती. मामांस शि. सा. न.

पोतं पोचलं. तुम्ही सांगितलंत म्हणून डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी त्यावरचं सगळं वाचलं आणि आई किती एकर आहे असं विचारलं. माणसाचं वेगळं असतं, शिरेतून जातं, आणि ते त्यांनी आधीच सुरू केलं होतं. पोतं व्हरांड्यात आहे; पेशंटांचे नातेवाईक पाळीपाळीनं त्यावर बसतात.

मॅग्नेशिअम भरलं, मग पोटॅशिअमही टिकलं. ठोके आता नीट पडतात. काल नळी निघाली. मी पोत्याची गंमत सांगितली, तर आई हसली नाही. बसल्या घशानं म्हणाली, सिद्ध्यानं मग पऱ्हाटीला काय टाकलं, लाल पडली आसंल की. पोतं पहिल्या बसनं परत धाड म्हणते.

लोभ आहेच, तो पोत्यानं दिसला.
वर्षाराणी

चाकूर, ११ ऑक्टोबर

चि. वर्षाराणीस आशीर्वाद.

पऱ्हाटीला काही टाकलं नाही. लाल झालीय. शेजारी विचारतात, मी सांगतो औषध नांदेडला गेलंय. पऱ्हाटी दरसाल येते. मला सिद्ध्या म्हणणारं जगात एकच माणूस उरलंय.

पोतं एकटं पाठवू नकोस. आक्का येईल त्याच बसला टाक. उशीर झाला तरी चालेल, मी रानात सांगून ठेवलंय.

वाट पाहणारा,
सिद्ध्या