मामाचा ब्रश

शुक्रवार, १४ मार्च

प्रिय दादास,

नमस्कार. गुडघे काय म्हणतायत? माझं शिलाईचं दुकान बरं चाललंय, मशीन मात्र माझ्यासारखंच कुरकुरतं.

ठकीचं निमंत्रण मिळालं असेलच. रविवारी तिच्या प्रयोगशाळेचं उद्घाटन. तिच्या स्वतःच्या, बरं का! दारावर तिच्या नावाची पाटी लागलीय. स्वच्छच होती, तरी मी दोनदा पुसून आले. तू येणार की नाही ते कळवलं नाहीस. मी काही विचारत नाहीये हं, तिनं विचारायला सांगितलं म्हणून.

शेवाळावर कुणी डॉक्टर होतं का, असं तूच म्हणाला होतास ना? झाली! काल सभागृहात काय बोलली रे पोरगी! मोठमोठे प्राध्यापक टिपून घेत होते. मलासुद्धा कळलं, म्हणजे बघ. शेवाळ उन्हावर जगतं, पण कडक उन्हात प्रकाश झेपत नाही इतका येतो. सगळा आत धरून ठेवला तर पेशी करपतात. म्हणून लागेल तेवढा वापरायचा आणि उरलेला उष्णता करून सोडून द्यायचा. ढग आला की सोडणं लगेच थांबवायचं, नाहीतर उपासमार. ठकीचं शेवाळ हे फार झटपट करतं म्हणे. शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "असं शेवाळ हिला मिळालं कुठे?" मी मान ताठ करून म्हटलं, "मी आई आहे तिची." आणि उत्तर टाळायला त्यांच्या सदऱ्याची उसवलेली शिवण दाखवली.

कारण उत्तर तू आहेस.

तुझ्या गच्चीवर तिनं टाक्यांत शेवाळ वाढवलं होतं. आम्ही बाहेरगावी गेलो आणि तू, जन्मभराचा सफाई निरीक्षक, भाचीला मदत म्हणून सगळ्या टाक्या घासून लख्ख केल्यास. वर तिला हौसेनं दाखवायला नेलंस! तिची मेहनत मोरीत गेली, आणि मी तोंडाला येईल ते बोलले. तेव्हापासून तू आमच्या दारात पाऊल ठेवलं नाहीस.

परवा ठकीनं मला खरं सांगितलं. त्या भांडणानंतर काही आठवड्यांनी ती उरलंसुरलं सामान न्यायला तुझ्या गच्चीवर आली, तेव्हा तुझा घासायचा ब्रश कठड्यावर, गळक्या नळाखाली, भर उन्हात पडला होता. केस वाळून पिवळे, पण मुळाशी हिरवं. बाईसाहेबांनी तुला न विचारता तो पिशवीत टाकला. त्या उन्हात जे तगलं, तेच तिनं वाढवलं. खात्री झाल्याशिवाय बोलायचं नाही, हा तिचा हट्ट. कुणावर गेलीय ते सांगायला नको.

आता तो ब्रश काचेच्या पेटीत आहे. खाली लिहिलंय, "मामाचा ब्रश". मी म्हटलं, "अगं, मामाचं एवढं कौतुक?" तर म्हणते, "मामा आल्याशिवाय मी दार उघडणार नाही. पाहुणे बसू देत ताटकळत." आणि बसवेल ती, खुशाल बसवेल!

दादा, माझा राग अजून गेलेला नाही. पण आत धरून धरून करपायची वेळ आलीय रे. ये. माझ्या शेजारची खुर्ची मी धरून ठेवते, कुणाला बसू देणार नाही.

फक्त एक कर. तिथे कशाकशाला हिरवं लागलेलं दिसेल. हात खिशात ठेव.

वाट पाहणारी,
तुझी तोंडाळ धाकटी