तळाची तुळई

४ मार्च
भिंत फोडली. आत लाकूड नाही — भुसा! सुतारकाकांनी तळाच्या तुळईत छिन्नी टोचली, ती मुठीपर्यंत गेली. दोनशे वर्षं अख्खं घर अंगावर घेऊन पडलेली तुळई!
"ताई, ही अक्कल कुणाची? लाकडी सांगाड्याच्या घराला सिमेंट?"
"असेल कुणी दीडशहाणा," मी म्हटलं.
दीडशहाणी मीच. बारा वर्षांपूर्वी. बाबांच्या पंच्याहत्तरीची भेट.

५ मार्च
दादाचा फोन. दुरुस्तीपुरते बाबा त्याच्याकडे आहेत. "रोज सकाळी पिशवी भरून दारात बसतात गं. एक तारखेला घरी परत जायचं, नक्की ना?"
नक्की, म्हटलं. शब्द माझ्याकडे पोत्यानं आहेत. घर तेवढं नाही.

८ मार्च
आज काकांनी शिकवणीच घेतली. खांब-तुळया आधी जमिनीवर कापून जुळवायच्या, प्रत्येक सांध्यावर छिन्नीनं खूण कोरायची, मग दहा-वीस माणसांनी मिळून एका दिवसात सांगाडा उभा करायचा. खिळा एक नाही, लाकडी खुंट्या. मधल्या जागेत काठ्यांचा कूड, त्यावर माती आणि पेंढा.
"मातीत पाणी शिरतं तसं निघूनही जातं. सिमेंटला तडा गेला की आत शिरतं आणि कोंडतं. मग लाकूड बसतं सडत."
म्हणून बाबा दर उन्हाळ्यात माती लिंपायचे, चुना फासायचे! आणि मी पेपरातल्या माझ्या 'ठसकेबाई' या सदरात काय लिहिलं? 'आमच्या पिताश्रींचा वार्षिक चिखल-सोहळा.' लोक पोट धरून हसले होते. बाबाही हसले होते — जरा उशिरा.

११ मार्च
सहापैकी चार खांब गेले. घर उतरवावं लागणार.
"काहीच नाही का वाचणार?"
"ताई, उभं आहे ते तुमचं सिमेंट. घर केव्हाच बसलं."
'तुमचं' म्हणाले. ओळखलं त्यांनी.

१२ मार्च
लिहवत नाही.

१५ मार्च
बाबांना सांगायला गेले. वाटेत चार विनोद जुळवले होते, एकही तोंडातून फुटला नाही. सगळं सांगून टाकलं — सिमेंट, तुळई, आता एक तारीख नाही, कुठलीच तारीख नाही. रडले. या वयात, वहिनीसमोर! बाबा वहिनीला म्हणाले, "हिला चहा टाक." रात्री मी तिथेच राहिले.

१६ मार्च
सकाळी निघताना बाबा फाटकापर्यंत आले. म्हणाले, "गवंड्यानं पहिली थापी मारली तेव्हाच मला कळलं होतं, लाकूड कुजणार."
"मग अडवलं का नाहीत, बाबा?"
"माझ्या घराला तू पहिल्यांदाच न हसता हात लावला होतास, ठसकेबाई."