श्वसनयंत्राचा निरोप पोहोचत नसल्याबाबत

दिनांक: २९ एप्रिल

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
मोबाईल सेवा ग्राहक कक्ष,
तिसरा मजला, खोली क्र. ७.

विषय: ईमेलचा एसएमएस करून देणारी सेवा बंद झाल्याने पत्नीच्या श्वसनयंत्राची धोक्याची सूचना मिळत नसल्याबाबत (अर्ज तिसरा).

संदर्भ: १) माझा अर्ज, दि. १४ मार्च.
२) आपले पत्र, दि. २ एप्रिल. शेरा: "तक्रार समाधानकारकरीत्या निकाली."
३) माझा अर्ज, दि. ६ एप्रिल.
४) आपण घेतलेली दूरध्वनी सुनावणी, दि. २२ एप्रिल. शेरा: "अर्जदार गैरहजर."

महोदय,

१. उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करतो की, मी बॉयलरच्या कारखान्यात एकतीस वर्षे पत्रे ठोकण्याचे काम करून निवृत्त झालो असून त्या कामात माझे दोन्ही कान गेले आहेत. कमी ऐकू येते असे नव्हे, अजिबात येत नाही. माझी पत्नी निवृत्त प्राथमिक शिक्षिका असून स्नायू दुबळे होत जाण्याच्या आजाराने गेली चार वर्षे अंथरुणाला खिळून आहे. तिचा श्वास गळ्यातील नळीवाटे यंत्रावर चालतो, त्यामुळे तिला बोलता येत नाही. ऐकू मात्र तिला भिंतीपलीकडचेही येते. तिचा उजवा हात थोडाफार चालतो, त्याने ती पाटीवर लिहिते. ती माझ्यासाठी ऐकते आणि मी तिच्यासाठी बोलतो. दोघे मिळून आमचे एक माणूस पुरे होत होते व तेवढ्यावर आमचे बरे चालले होते.

२. नळी निसटली किंवा कफाने तुंबली की यंत्र मोठ्याने ओरडते. ते मला ऐकू येत नसल्याने रुग्णालयाने यंत्राला एक पेटी जोडून दिली. त्या पेटीतून फक्त ईमेल निघतो, तोही तिच्यात कायम ठरवलेल्या एकाच पत्त्यावर. तो ईमेल मोबाईल कंपनीकडे जाई, कंपनी त्याचा एसएमएस करी आणि माझ्या सदऱ्याच्या खिशातला बटणांचा फोन थरथरे. मी हातातले टाकून धावत असे. चार वर्षांत या व्यवस्थेने एकदाही दगा दिला नाही. त्याबद्दल मी आभाराचे एकही पत्र कधी लिहिले नाही, हा दोष माझ्या पदरात घेतो.

३. ही सेवा दि. १ मार्चपासून बंद झाली. ग्राहकांना तीन वेळा पूर्वसूचना दिली होती, असे आपल्या पत्रात नमूद आहे. ते खरे आहे. परंतु ज्या पत्त्यावरून ईमेल येत त्याच पत्त्यावर कंपनीने त्या सूचना पाठवल्या, म्हणजे त्या श्वसनयंत्राला मिळाल्या. रुग्णालयाच्या तंत्रज्ञाने पेटी तपासली तेव्हा तिन्ही सूचना तिच्यात जशाच्या तशा पडलेल्या होत्या. शेवटच्या सूचनेत "आपल्या दीर्घ साथीबद्दल धन्यवाद" असे यंत्राला म्हटलेले आहे.

४. दि. ११ मार्च रोजी सकाळी साडेअकराच्या सुमारास मी स्वयंपाकघरात दूध तापवत होतो. साखरेचा डबा सापडेना, म्हणून तिला विचारायला आत गेलो. नळी गळ्यातून निसटून उशीवर पडली होती. तिची नखे निळी झाली होती आणि डोळे उघडे, दाराकडे लागलेले होते. मी नळी बसवली. ती दुसऱ्या खेपेला बसली. संध्याकाळी हातात खडू धरण्याइतकी ताकद आल्यावर तिने पाटीवर लिहिले, "यंत्र सव्वातीन मिनिटे ओरडत होते. मी दारावरच्या घड्याळाकडे बघत होते. दूध उतू गेले का?" महोदय, साखरेचा डबा जागेवर असता तर ती आज नसती. मी तेव्हा घाबरलो आणि अजून घाबरलेलाच आहे. अर्जात असे लिहीत नाहीत हे मला माहीत आहे.

५. आपल्या पत्रातील सल्ल्यानुसार मी स्मार्टफोन घेतला व एसएमएसऐवजी सूचना देणारे कंपनीचे ॲप सुरू करण्याचा प्रयत्न केला. ॲप सुरू करण्यासाठी कंपनी फोन करते, ध्वनिमुद्रित बाई प्रश्न विचारतात व ग्राहकाने दहा सेकंदांत स्वतःच्या तोंडाने उत्तर द्यावे लागते. आम्ही फोन पत्नीच्या कानाला लावला. तिने ऐकायचे, पाटीवर लिहायचे, मी वाचून बोलायचे, असे ठरले. परंतु माझी पत्नी चौतीस वर्षे शाळेत शिकवत होती. तिने "कृपया आपली जन्मतारीख सांगा." हे पूर्ण वाक्य पूर्णविरामासह लिहिले व तेवढ्यात फोन बंद झाला. मी म्हणालो, "अगं, नुसतं 'जन्म' लिही, मला कळेल." तिने लिहिले, "अर्धवट वाक्य मी लिहिणार नाही." अकराव्या प्रयत्नाला ती माझ्यासाठी एका शब्दावर आली. मी जन्मतारीख मोठ्याने सांगितली. त्यावर बाईंनी पुढचा प्रश्न विचारला आणि तिचा हात दमून पाटीवरच पडला. शेजारीणबाईंनी पाटीवर लिहिले, "काका, मी बोलते की तुमच्या वतीने!" त्या बोलल्याही, पण आवाज पुरुष ग्राहकाचा नसल्याचे कारण देऊन कंपनीने माझे खाते आठ दिवस गोठवले.

६. त्यानंतर कंपनीच्या मदत कक्षाने लेखी कळवले की, ईमेलचा एसएमएस करून देण्याची सोय व्यावसायिक ग्राहकांसाठी अजून उपलब्ध आहे, मात्र महिन्याला किमान दहा हजार संदेशांची हमी द्यावी लागेल. माझ्या पत्नीचा श्वास महिन्यातून फार तर चार वेळा अडकतो. उरलेल्या नऊ हजार नऊशे शहाण्णव वेळांची हमी कोणी द्यायची, याचा खुलासा पत्रात नाही.

७. दि. २२ एप्रिलची सुनावणी आपण दूरध्वनीवरून ठेवली. मला ऐकू येत नाही हे माझ्या दोन्ही अर्जांच्या पहिल्याच परिच्छेदात असूनही तसे ठरले, याबद्दल माझी तक्रार नाही. कागद सगळेच वाचले जातात असे नाही. दुपारी खिशातला फोन थरथरला. रुग्णालयवाल्यांनी काही खटपट करून सेवा चालू केली असावी, असे वाटून मी सुनावणी विसरलो आणि आत धावलो. नळी तपासली, यंत्र तपासले, पत्नीला कुशीवर वळवले. ती पाटीकडे बोट दाखवत होती, पण तिकडे बघायला मला फुरसत नव्हती. पाटीवर "फोन वाजतोय. साहेबांचा असेल." असे लिहिलेले होते. मी वाचेपर्यंत आपण मला गैरहजर ठरवले होते. कंपनीच्या जाहिरातींचे दिवसाला सात-आठ एसएमएस मात्र न चुकता पोहोचतात व प्रत्येकाला मी असाच धावतो. गेल्या आठवड्यात "आमच्या सेवेला पाचपैकी किती गुण द्याल?" असे विचारणारा संदेश आला, तेव्हा मी दाढी अर्धी टाकून धावलो होतो.

८. यंत्र ओरडले की पेटणारा दिवा मी पत्नीच्या खोलीत बसवून पाहिला, पण स्वयंपाकघरातून तो दिसत नाही. तिच्या बोटाला दोरी बांधून दुसरे टोक माझ्या घोट्याला बांधले. ती म्हणाली, म्हणजे तिने लिहिले, "मी काय गाय आहे?" नंतर तिनेच दोरी मागून घेतली. परंतु रुग्णालयाच्या नियमात दोरी बसत नाही. त्यांचे दि. २४ एप्रिलचे पत्र असे आहे की, देखभाल करणाऱ्यापर्यंत पोहोचणारी सूचनाव्यवस्था नसल्यास यंत्र घरी ठेवता येत नाही, सबब दि. १५ मे रोजी रुग्णास दीर्घकालीन कक्षात हलवण्यात येईल. डॉक्टरीणबाई भल्या आहेत. त्यांनी माझ्या वहीत लिहून दिले की, त्यांचा नाइलाज आहे. त्या कक्षात तीस खाटा आहेत. भेटीची वेळ पाच ते सहा. तिची पाटी तिथे कोण वाचणार, असे मी विचारले. त्यांनी वहीत "पाच ते सहा" एवढेच पुन्हा लिहिले.

९. सबब नम्र विनंती की, ही सेवा पूर्ववत सुरू करण्याबाबत कंपनीला आदेश व्हावेत. सर्वांसाठी शक्य नसल्यास माझ्या एका क्रमांकासाठी सुरू ठेवावी. तेही शक्य नसल्यास, कंपनी पर्यायी सोय करत आहे एवढे एका ओळीचे पत्र रुग्णालयास द्यावे, म्हणजे तारीख पुढे ढकलता येईल. तेही नियमात बसत नसल्यास तसे लेखी कळवावे. पत्नी म्हणते की एवढ्या पायऱ्या खाली उतरून मागू नये, मागणारा लहान दिसतो. मी तिला सांगितले की मला आता कसाही दिसण्याची लाज राहिलेली नाही.

१०. आपल्या कार्यालयाच्या फलकानुसार तिसऱ्या अर्जाचा निर्णय पंचेचाळीस कामकाजाच्या दिवसांत होतो. आजपासून मोजता तो जुलैत येईल. तो येईपर्यंत तिला नेलेले असेल, हे मला बेरीज करताना कळले आहे. तरीही अर्ज करत आहे, कारण दुसरे काय करावे ते मला माहीत नाही. निर्णय पोस्टाने पाठवावा. आजवर पोस्टमनने दार वाजवले की ती ऐकायची आणि पाटी वर करायची. जुलैत घरी मी एकटा असेन. तरी पोस्टमनला सांगावे की दार वाजवत उभे राहू नये, पत्र दाराखालून आत सरकवावे.

आपला नम्र,
(सही)
अर्जदार

सोबत:
१) रुग्णालयाच्या दि. २४ एप्रिलच्या पत्राची प्रत.
२) श्वसनयंत्राला आलेल्या तीन सूचनांच्या प्रती.
३) माझे व पत्नीचे वैद्यकीय दाखले.