आईला सांग, दुर्बिणीतूनच झालं

श्रुतिका,

रात्रभर सुयोगजवळ जागलीस म्हणून तुला उठवलं नाही. आता मी घाटकोपरला हॉस्पिटलात त्याच्याजवळ जातोय. आईने विचारलं तर सांग, त्याचंही ऑपरेशन तिच्यासारखं दुर्बिणीतूनच झालं.

माझं डोकंच चालत नाहीये गं. सत्तरीच्या बाईला महिन्यापूर्वी चार बारीक भोकं पाडली आणि आठवड्यात ती भाकऱ्या थापायला लागली. पस्तिशीच्या पोराचं मात्र पोट उघडलं! डॉक्टर म्हणतात, वयाचा प्रश्नच नाही, त्याचं पित्ताशय सुजून चिकटलं होतं, दुर्बिणीतून सोडवणं धोक्याचं होतं. मी उगाच म्हातारीचीच काळजी करत बसलो. हे तिला कसं समजावू? मलाच अजून नीट कळलेलं नाही.

तिने ही चिठ्ठी वाचू नये म्हणून तिचा चष्मा खिशात घालून नेतोय. वाचलीस की फाडून टाक.

बाबा

श्रुतिका, माझा जुना चष्मा कपाटात असतो, यांना कुठे माहीत! माझा पोटाचा पट्टा घेऊन मीपण हॉस्पिटलात निघालेय. मला आता लागत नाही, सुयोगला खोकताना लागेल.

आई