अध्याय संपेपर्यंत

सोमवार, ६ नोव्हेंबर २००६

बसले एकदाची! भजनी मंडळाच्या अनसूयाबाई दिवाळीपासून मागे लागल्या होत्या — "सुलूताई, रोज पहाटे पोथीचा एक अध्याय. नेम म्हणजे नेम." नियमही त्यांचाच. अध्याय सुरू झाला की तोंडातून दुसरा शब्द नाही, आसनावरून उठणं नाही. उठलं तर तो अध्याय पुन्हा पहिल्यापासून.

तळहातावर पाणी घेऊन संकल्प सोडला. स्वातीचं लग्न यंदा होऊ दे. चोविसावं संपलं तिला, अजून एक स्थळ धड बघू देत नाही.

अगरबत्ती अर्धी मोडून लावली. देव काही वास मोजत बसत नाही.

गुरुवार, ९ नोव्हेंबर

नळाला पाणी आलं, उठले. ह्यांना टॉवेल सापडेना, उठले. दूधवाला आला, उठले. दर वेळी पहिल्यापासून! वर ह्यांचं आहेच — "देव काय मस्टर घेऊन बसलाय? लेटमार्क मारतो का?"

सगळा संसार ह्यांच्या फर्स्ट शिफ्टवर गेला. रात्र म्हटली नाही, पहाट म्हटली नाही, डबा तयार. आता व्हीआरएस घेऊन घरी बसलेत, तर माझी एवढीशी पहाट ह्यांना बघवत नाही.

उद्यापासून कुणी मेलं तरी उठणार नाही.

मंगळवार, १४ नोव्हेंबर

उठले नाही. दूध उतू गेलं, हे ओरडले, तरी उठले नाही!

मग स्वाती येऊन ओट्याशी उभी राहिली. "आई, तुझ्याशी बोलायचंय." हातानेच थांब म्हटलं. थांबली बिचारी. पण तिला दहिसरला लॅब उघडायची असते. अध्याय संपून मान वर केली तर गेलेली.

संध्याकाळी विचारलं, काय गं होतं? म्हणते, "बाबांसमोर? राहू दे."

शनिवार, १८ नोव्हेंबर

पुन्हा तेच. पुन्हा ओट्याशी. "आई, पाचच मिनिटं."

मी वाचायला बसले की या घरात सगळ्यांना आई आठवते. दिवसभर सगळे मुके!

मंगळवार, २१ नोव्हेंबर

सकाळी अध्याय छान झाला, मन लागलं. स्वाती दारातून म्हणाली, "आई, येते गं." साडी नेसली होती. लॅबमध्ये कुणाचं काही असेल म्हटलं. ओवीवरचं बोट काढलं नाही, नुसती मान हलवली. चपला घालायला फार वेळ लावला तिने.

दुपारी फोन. "आई, आम्ही लग्न केलं. रजिस्टर." मुलगा उत्तनचा, रेमंड बोर्जीस. ख्रिश्चन. घरची होडी आहे म्हणे.

मी म्हटलं, मला सांगायला काय झालं होतं तुला? तर म्हणाली — "सांगायलाच तर येत होते. तू उठलीस का?"

फोन मीच ठेवला.

गुरुवार, २३ नोव्हेंबर

हे कडाडले — "त्या पोरीचं नाव या घरात काढायचं नाही!" भांडं आपटलं. शेजारच्या हंसाबेन आवाज ऐकून आल्या. "सुलूभाभी, लडका कमाता है ना? मारता-पीटता तो नहीं? फिर रोने का क्या?" स्वतःची रुचिता जातीत, वाजतगाजत दिली. हिला बोलायला काय जातंय!

माझीच चूक. संकल्प सोडताना तिचं नाव घेतलं, गोत्र उच्चारलं, मुलगा कुठला हवा तेवढं सांगायचं राहिलं. यंदा म्हटलं होतं, यंदाच केलं. कामाला चोख आहे हो देव!

शुक्रवार, २४ नोव्हेंबर

वाचलं. आता कुणासाठी उठायचंय?

गुरुवार, ३० नोव्हेंबर

मंडळात बायका बाजूला सरकून बसतात. अनसूयाबाई म्हणाल्या, "नेम सोडू नका, यातूनच मार्ग निघेल." यातूनच ती गेली, हे अनसूयाबाईंना कोण सांगणार?

घरी हे मात्र बदललेत. पहाटे आपला चहा आपण करून घेतात. टॉवेल आपला आपण शोधतात. मी बसले की स्वयंपाकघराचं दार हलकेच ओढून घेतात. "तू निवांत वाच. मी आहे बाहेर." काल तर म्हणाले, "एकाऐवजी दोन अध्याय वाचत जा, बरं वाटेल तुला." ज्या माणसाने देवाला कधी हात जोडला नाही, तो! लेक घेतली आणि नवरा सुधारून दिला, असा हिशेब लावायचा का मी?

स्वातीचं नाव अजून काढू देत नाहीत. मी परवा तिचा दुपट्टा घडी करत होते, तर हे उठून गॅलरीत गेले. दगड आहे नुसता.

रविवार, ३ डिसेंबर

दोन अध्याय. एक शब्द डोक्यात शिरला नाही.

शुक्रवार, ८ डिसेंबर

पहिल्या अध्यायाच्या मध्यावर बाहेर फोन वाजायला लागला. हे अंघोळीला गेलेले. वाजून थांबला. पुन्हा वाजला. कोण मेलं असेल म्हणून उठले. पोथी तशीच उघडी टाकून उठले.

रिसीव्हर कानाला लावला. हॅलो म्हणायच्या आत पलीकडून स्वाती, हळू आवाजात, रोजचंच विचारावं तसं — "बाबा, बसली का आई वाचायला?"

रिसीव्हर टेबलावर अलगद ठेवला. बाथरूमची कडी वाजवली.

"अहो, तुमचा फोन आहे."