काहीही चालेल

दादा,

तुमचं सामान हॉटेलच्या खोलीत सुखरूप आहे, मी मात्र तिथे नाही. "तू हरवशील, त्यापेक्षा सामानापाशी बस," असं म्हणून तू वहिनीला घेऊन शहर बघायला गेलास. मी खोलीला कुलूप लावलं, किल्ली काउंटरवर दिली आणि निघाले.

बाजारात दोनदा हरवले. दोन्ही वेळा लोकांना रस्ता विचारला, त्यांनी सांगितला. हरवणं म्हणजे एवढंच असतं होय! संग्रहालयात एका दगडी सिंहासमोर अर्धा तास बसले. मागून "आटप लवकर" म्हणायला कोणी नव्हतं.

मग भूक लागली म्हणून या रेस्टॉरंटमध्ये शिरले. म्हाताऱ्या वेटरने विचारलं, "काय आणू?" मी सवयीने म्हणाले, "काहीही चालेल." तो हसलासुद्धा नाही. म्हणाला, "काहीही संपलं, बाई. दुसरं काहीतरी सांगा."

तीस वर्षं तुझ्या घरात रांधतेय, कुणाला काय आवडतं ते तोंडपाठ आहे. माझं मलाच आठवेना! शेवटी तिखटजाळ मासा मागवला. तुम्हाला तिखट सोसत नाही, म्हणून मीही सोडलं होतं. नाकाडोळ्यांतून पाणी आलं, पण ताट चाटूनपुसून साफ केलं.

हे पत्र तुला देणार नाही. संध्याकाळी जेवायला बसल्यावर तू नेहमीसारखं म्हणशील, "हिला काहीही चालेल." तेव्हा मेनूकार्ड तुझ्या हातातून घेईन आणि म्हणेन, "काहीही संपलं, दादा."

तुझी,
दोनदा हरवून सापडलेली बहीण